जोडणी होत नाही

आफरीन मुजावर या बाईंना मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. फक्त आवाज माहीत आहे, आणि तोही दिवसभर बोलून थकलेला. तरी रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लावते तेव्हा घरच्यांची नावं घेऊन झाली की मी तिचंही नाव घेते. आमच्या देवांना ती कोण हे ठाऊक नसणार, म्हणून एकदा सगळं सविस्तर सांगून ठेवलं आहे. तेच आता तुम्हाला सांगते.

आमचे हे, हणमंतराव निकम, विट्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. सत्तावीस वर्षं. 'आटपाडीला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे' हा आवाज खानापूर तालुक्यात ज्यानं ऐकला नाही असा माणूस त्या काळी सापडायचा नाही. पण आठ तास सगळ्या तालुक्याशी बोलून घरी आले की तोंडाला कुलूप. 'वाढ', 'झोपतो' आणि 'बघू' एवढ्या तीन शब्दांवर त्यांनी संसार केला. मला नावानं कधी हाक मारली नाही. 'अगं' म्हणायचे, आणि तेही माझं लक्ष नसेल तरच. बोलायचं काम माझ्याकडं होतं. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात पकडून पुरं करायची खोड मला तेव्हापासूनची.

घरातही कारभार स्टँडसारखाच. भिंतीवरचं घड्याळ सांगेल तसं घर हलायचं. आम्ही लग्नाला गेलो तर मांडववाल्यांच्या आधी हजर. माझी आई गेली तेव्हाची एक गाडी सोडली, तर आमची गाडी जन्मात चुकली नाही.

पाच वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतर, एका सकाळी ते दाढी करताना खाली बसले ते परत उठले नाहीत. मेंदूला पाठीच्या कण्याशी जोडणारा जो देठ असतो, तिथं गुठळी अडकली होती. डॉक्टर म्हणाले, माणूस आत पुरा शाबूत आहे. त्याला ऐकू येतं, समजतं, आठवतं, राग येतो. फक्त बाहेर यायची वाट बंद झाली आहे. पापण्या मिटतात आणि बुबुळं वर-खाली होतात, बाकी काही नाही. एकदा पापणी मिटली म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. दीड वर्ष आम्ही त्यावर काढलं. मी एका पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहिली होती, एकेक अक्षर दाखवत जायची. 'पाणी' म्हणायला तीन मिनिटं लागायची.

मग 'मुखर' आलं.

मला जेवढं समजलं तेवढं सांगते. आपण बोलतो तेव्हा जीभ, ओठ, टाळू यांना मेंदू आधी हुकूम देतो. ह्यांच्या मेंदूतून ते हुकूम अजून निघत होते, वाटेत अडत होते एवढंच. शस्त्रक्रिया करून त्यांच्या मेंदूवर, बोलण्याच्या जागी, नखाएवढी बारीक जाळी बसवली. कानामागं कातडीखाली एक चकती. चकती पलंगाशेजारच्या पेटीला सांगणार, पेटी दूरच्या मोठ्या यंत्राला सांगणार, आणि ते यंत्र ओळखणार की ही हालचाल 'क'ची, ही 'प'ची. ओळखलं की शब्द माझ्या मोबाइलवर. दोघांत निरोपांची देवाणघेवाण चालते तशीच, फक्त एका बाजूला बोटं नाहीत.

यंत्राला ही ओळख लावायला सात महिने लागले. रोज दोन तास तीच तीच वाक्यं मनात म्हणायची. घामानं उशी भिजायची. एकदा हे रडले. शिकवायला येणाऱ्या बाई म्हणायच्या, निकमकाका हे माझे सगळ्यात चिवट विद्यार्थी. शेवटी एका दुपारी मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते आणि मोबाइल वाजला. त्यावर लिहिलेलं होतं: 'रंजना'. बस, एवढंच. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. मी मेथीची जुडी हातात घेऊन तशीच जाऊन त्यांच्यापुढं उभी राहिले. म्हटलं, "चहा टाकू का?"

नंतरची दोन वर्षं मी सांगितली तर लोक हसतील. मी स्वयंपाकघरातून लिहायची, हे बाहेरच्या खोलीतून. सुरुवातीला यंत्र त्यांची भाषा सुधारून पाठवायचं, 'कृपया मला चहा द्यावा' असं. मी तक्रार केली, म्हटलं हा कोण परका माणूस माझ्या घरात आला? मग ती सुधारणा बंद करून घेतली आणि 'च्या टाक' आलं, तेव्हा जिवाला बरं वाटलं. ह्यांना शेजारणींची नावं माहीत होती, माझ्या भावांची भांडणं माहीत होती, मी कुठल्या साडीत चांगली दिसते हेही माहीत होतं. सगळं साठवून ठेवलं होतं आणि बोलले नव्हते. आजारपणानं माझा नवरा नेला असं लोक म्हणायचे. मला तर तो दिला, असं वाटायला लागलं होतं.

आता मुद्द्यावर येते. मेंदू रोज थोडा सरकतो, आपण झोपेत कूस बदलतो तसा. कालचा 'क' आज जरा वेगळा उमटतो. म्हणून रोज सकाळी दहा मिनिटं उजळणी असते, शाळेत पाढे म्हणतात तशी. उजळणीतून यंत्र ओळख ताजी करून घेतं. तीन दिवस उजळणी झाली नाही तर सगळी ओळख बाद. हा नियम मुद्दाम आहे. शिळ्या ओळखीनं यंत्र भलतंच ऐकलं आणि माणसाच्या मनात 'नको' असताना त्याच्या नावावर 'चालेल' गेलं तर? तेव्हा बहात्तर तास पेटी जोडली गेली नाही की यंत्र हात जोडतं. मग पुन्हा पहिल्यापासून, सात महिने. ह्यांनी मला एकदा लिहिलं होतं, 'पुन्हा हे जमायचं न्हाई मला.' ते काही चेष्टेनं लिहिलेलं नव्हतं.

मागच्या वर्षी, म्हणजे दोन हजार चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये, रविवारी संध्याकाळी पाचला कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला. वीज तासाभरात आली. पण पेटीच्या आतला लहानसा सेल संपलेला असावा, कारण ती आजवर कधी बंद पडली नव्हती आणि आता वेळेपुरती कोऱ्या पाटीगत चालू झाली. तिनं पडद्यावर तारीख आणि वेळ विचारली. मी चष्मा लावला, भिंतीवर बघितलं, आकडे भरले, बटण दाबलं. पेटीनं विचार केला आणि तांबडा दिवा लावला. माझ्या मोबाइलवर आलं: 'जोडणी होत नाही.'

मी मोबाइल बंद करून चालू केला. पेटी बंद करून चालू केली, परत भिंतीवर बघून वेळ भरली. पेटी उचलून खिडकीत ठेवली. चकतीवरचं कातडं ओल्या फडक्यानं पुसलं. मुखर मोबाइलवरून काढून परत घेतलं, तर ते उघडेचना, पांढरा पडदा आणि मधे फिरणारं चाक. पुण्याला विक्रांतला, म्हणजे माझ्या मुलाला, फोन केला. त्यानं मला फोनवरून आणखी दहा कळा दाबायला लावल्या. चाक फिरतच राहिलं.

सोमवारी मदतकक्षाला फोन लावला. तिथं पहिल्यांदा आफरीन भेटली.

"नमस्कार, मुखर मदतकक्ष. मी आफरीन बोलतेय. काय अडचण आहे, काकू?"

तिनं एकेक विचारलं. घरातलं नेट चालतंय का? चालतंय. वायर घट्ट आहे? घट्ट आहे. दिवा कसला? तांबडा, लुकलुकत नाही, तसाच. पेटीची तारीख-वेळ बरोबर भरलीय का?

"एकदम बरोबर," मी म्हटलं. "मी स्वतः भरलीय. अहो, आमचे मालक एसटीत कंट्रोलर होते. गावातली लोकं आमच्या घरात डोकावून आपली घड्याळं लावायची. आमच्याकडं वेळ चुकत नाही."

ती हसली आणि पुढच्या प्रश्नाकडं गेली. माझ्या या फुशारकीनं आमचे दोन दिवस गिळले, हे मला तेव्हा कळलं नाही.

मंगळवारी तिनं स्वतःहून फोन केला. वरच्या लोकांना विचारून आणखी चार उपाय आणले होते, ते चारही वाया गेले. "काकू, पेटी जोडलीच जात नाही म्हणून मला इथून तिच्यात काहीच दिसत नाही. इंजिनिअर पाठवते, पण चार जिल्ह्यांना एकच आहे. शुक्रवारी येईल."

"शुक्रवारी येऊन काय पिंडाला शिवायचंय त्यानं?" मी चिडून म्हटलं. "बुधवारी पाचला सगळं संपतंय."

"माहीत आहे मला, काकू," ती म्हणाली. "म्हणून तर फोन केला."

मी रागावले त्या बाईवर, आणि तिनं ऐकून घेतलं. याचीही आठवण दिवा लावताना येते.

या तीन दिवसांत हे काय करत होते? भिंतीकडं बघत होते. पलंगासमोर दार आहे, दाराच्या वर ते घड्याळ. बुबुळं वर जायची, तिथं थांबायची, मग माझ्याकडं. परत वर, परत माझ्याकडं. मी म्हणायची, "अहो, गोळीची वेळ झाली नाही अजून." दोन पापण्या. "चहा?" दोन पापण्या. "कूस बदलू?" दोन पापण्या. जुना पुठ्ठा मी केव्हाच भाळवणीच्या एका पेशंटला देऊन टाकला होता. बुधवारी सकाळी मी तोंडानंच अक्षरं म्हणायला बसले. क, ख, ग, घ... 'घ'वर पापणी मिटली. पुन्हा पहिल्यापासून. 'ड'वर मिटली.

"घड्याळ!" मी म्हटलं. एक पापणी, जोरात. "कळलं हो, कळलं. वेळ किती राहिली विचारताय. पाचपर्यंत आहे, मला काय माहीत नाही का? मी खटपट करतेच आहे."

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मला वाटलं, धीर सुटला. मी पदर डोळ्याला लावून स्वयंपाकघरात गेले.

दुपारी एकला आफरीननं शेवटचा उपाय सांगितला. पेटी पूर्ण पुसायची. त्यानं ती जोडली जाईल, पण ओळख सगळी जाईल. मग पुसायचीच कशाला? तर आज आपण होऊन पुसली तर परवापासून नवी शिकवणी सुरू होईल. पाचला आपोआप बाद झाली, तर डॉक्टरांची नवी तपासणी, मग यादीत नंबर, त्यातच चार-पाच महिने जातील. आणि पुसायला ह्यांची स्वतःची परवानगी लागेल. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर एक पापणी.

"मी साडेतीनला फोन करते, काकू. तोवर काकांशी बोला. माझी जेवणाची सुट्टी आहे मधे, पण मी अजून एकदा सगळी नोंद तपासते."

विक्रांतनं ऐकलं आणि म्हणाला, "आई, पुसून टाक. सात महिने जातील, पण निदान खात्रीनं होईल. नाहीतर वर्ष जाईल."

हिशेब त्याचा बरोबर होता. मी ह्यांच्या उशाशी बसले. म्हटलं, "अहो, ऐका. पुसावं लागतंय. पुन्हा शिकायचं. मी बसेन रोज तुमच्याबरोबर, दोन तास काय, चार तास. हो म्हणा."

दोन पापण्या.

"असं काय करता? पाचनंतर काहीच हातात राहणार नाही."

दोन पापण्या. आणि बुबुळं वर, घड्याळाकडं.

"घड्याळ बघू नका, माझ्याकडं बघा!" मी ओरडले. आयुष्यात त्यांच्यावर असं ओरडले नव्हते. "तुम्हाला बोलायचंच नाही का माझ्याशी? पुन्हा ते तीन शब्द घेऊन राहू का मी? मला भीती वाटते हो. मला आता त्या गप्प घरात राहता यायचं नाही."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसता येत नाही त्यांना, मी पुसलं. पण दोन पापण्या त्या दोनच. मनात म्हटलं, कंट्रोलरचा हट्ट, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आणि फोनची वाट बघत बसले. साडेतीन झाले. फोन नाही. तीन पस्तीस. नाही. तीन चाळीसला मोबाइल वाजला आणि मी उचलला तो भांडायच्या तयारीनंच.

"काकू, मी आफरीन. काय ठरलं?"

"साडेतीन म्हणाला होतात ना? दहा मिनिटं झाली! इथं आमचं एकेक मिनिट मोलाचं चाललंय आणि तुम्ही..."

"काकू," ती म्हणाली, "आत्ता साडेतीनच वाजलेत. साडेतीन वाजून वीस सेकंद. माझ्या समोर दिसतंय."

"मग तुमचं मागं असेल. आमचं घड्याळ..."

आणि माझं वाक्य अर्ध्यातच राहिलं. ते पुरं करणारी दुसरी कोणी नव्हती घरात.

आमचं घड्याळ दहा मिनिटं पुढं आहे. विक्रांत लहान होता तेव्हा ह्यांनी कधीतरी काटा पुढं केला. मी विचारलं तर म्हणाले, "असू दे." सेल बदलला की पुन्हा दहा मिनिटं पुढं लावायचं, हा घरचा रिवाज झाला. इतकी वर्षं त्याच वेळेवर उठलो, जेवलो, गाड्या पकडल्या. मोबाइलवरची वेळ कोण बघतो, भिंतीवर हातभर घड्याळ असताना? ते पुढं आहे ही गोष्ट मी विसरलेच होते. मला तीच खरी वेळ वाटायची.

"काकू," पलीकडून आवाज आला, अगदी हळू, "पेटीत वेळ कुठल्या घड्याळाची भरलीत?"

मी सांगितलं. मग ती घाईघाईनं बोलू लागली. ते सगळं मला नंतर नीट कळलं, पण इथंच सांगते. कुणी तिऱ्हाइतानं ह्यांच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत म्हणून पेटी आणि यंत्र आधी एकमेकांची खूण पटवतात. दर मिनिटाला दोघंही आपापल्या घड्याळावरून एक गुप्त आकडा काढतात. आकडे जुळले तर दार उघडतं. तीन-चार मिनिटांची तफावत चालवून घेतात, दहाची नाही. आणि पेटी खरी वेळ यंत्राकडून का मागून घेत नाही? तर खूण पटल्याशिवाय ती कुणाचंच ऐकत नाही, वेळेच्या बाबतीतसुद्धा. म्हणून कोरी झाली की ती पहिल्यांदा घरच्या माणसाला विचारते. तिनं मला विचारलं होतं. मी तिला विट्याच्या निकमांच्या घरची वेळ सांगितली.

"बाजूचं बटण दाबून धरा, काकू. वेळ येईल. मी सांगते ते भरा. तीन, तेहेतीस."

भरलं. तांबडा दिवा विझला. पेटी विचार करत बसली. मी ह्यांच्याकडं बघितलं. ते घड्याळाकडं बघत नव्हते, तीन दिवसांत पहिल्यांदा. माझ्याकडंच बघत होते.

हिरवा दिवा लागला.

"जुळलं!" आफरीन ओरडली. मदतकक्षातल्या माणसांनी ओरडायचं नसतं, पण ती ओरडली. "काकू, ओळख शाबूत आहे. आत्ताच्या आत्ता उजळणी घ्या. पाचच्या आत. मी फोन ठेवत नाही."

पेटीच्या पडद्यावर वाक्यं येऊ लागली आणि हे मनात म्हणू लागले. तीन दिवसांचं सरकलेलं होतं, दहा मिनिटांची उजळणी पाऊण तास चालली. आफरीन फोनवर होती. मधे तिनं डबा उघडल्याचा आवाज आला. तिची जेवणाची सुट्टी आमच्यापायी गेली होती. मी म्हटलं, "जेव बाई, सावकाश जेव." कधी 'अहो'वरून 'अगं'वर आले ते मलाच कळलं नाही. शेवटी मुखर उघडलं. पांढरा पडदा गेला, चाक गेलं, आमच्या जुन्या गप्पा जशाच्या तशा वर आल्या आणि त्यांच्याखाली नवी ओळ उमटली.

'तीन दिस सांगतोय. घड्याळ बघ घड्याळ बघ. आयकतीस कुटं.'

मी ती आफरीनला वाचून दाखवली. ती एवढी हसली की तिला ठसका लागला. मी हसत होते आणि रडतही होते. तिला म्हटलं, "पोरी, तुझे उपकार मी कशानं फेडू?" तर म्हणते, "काकू, ओळखलं काकांनी. मी फक्त वेळेवर फोन केला."

तिनं फोन ठेवला. घरात आम्ही दोघंच. मी खुर्ची दाराशी ओढली, पदर खोचला आणि वर चढायला लागले. हे घड्याळ आता बरोबर लावायचं, नाहीतर पुन्हा कधी घोटाळा. मोबाइल वाजला. खाली उतरून बघितलं.

'ऱ्हाऊ दे.'

मी लिहिलं नाही, तोंडानंच म्हटलं, "का राहू दे? आज जीव घेतला असता त्यानं आपला."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग ओळी एकेक करून येऊ लागल्या, सावकाश.

'तुजी आई गेली त्या दिवशी सहा चाळीसची आटपाडी मीच सोडली.'

हे मला माहीत होतं. पस्तीस वर्षं माहीत होतं. ते पहाटे ड्यूटीवर गेले आणि मागून माझ्या भावाचा फोन आला, आई शेवटच्या घटका मोजतेय, ये. विक्रांतला शेजारी टाकलं आणि मी पळत सुटले. स्टँडच्या गेटात शिरले तेव्हा गाडी दुसऱ्या गेटातून बाहेर पडत होती. सहा त्रेचाळीस. पुढची गाडी नऊला. वडापची जीप भरायला आठ वाजले. माहेरी पोचले तेव्हा आईच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलेलं होतं. मी ह्यांना कधी एका शब्दानं बोलले नाही. पण मनात खडा होता: अख्खं स्टँड ज्याच्या शिट्टीवर चालतं, त्याच्या बायकोची गाडी चुकली.

'तू गेटात आलीस तवा मी घड्याळ बघत हुतो. मान वळवून गेट बघितलं असतं तर गाडी थांबली असती. तीन मिंटं.'

'दुसऱ्या दिवशी घरातलं पुढं केलं. तुजी गाडी परत चुकायला नको.'

मी खुर्चीवरच बसले. हा माणूस! मी समजत होते, हा त्यांचा साहेबी खाक्या. अख्ख्या घराला स्टँड करून टाकलं म्हणून मी नणंदांजवळ चेष्टा करायची. आणि पस्तीस वर्षं ते माझ्यासाठी दर वेळी दहा मिनिटं बाजूला काढून ठेवत होते, एक शब्द न बोलता. आज पुसायला 'हो' म्हटलं असतं, तर हे मला कधी कळलंच नसतं. सात महिन्यांनी सांगितलं असतं का? जमलं असतं का? मला नाही वाटत.

"अहो, मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

'कसं सांगायचं.'

आणि थोड्या वेळानं, 'रंजना. चुकलं माझं.'

मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांना हालत नसला तरी समजतं. म्हटलं, "चुकलं नाही हो. आभार मानते तुमचे. उशिरा मानते, एवढंच." असलं काही मी त्यांना आयुष्यात म्हटलं नव्हतं. आमच्यात नवरा-बायको एकमेकांचे आभार मानत नाहीत. त्या दिवशी मानले, मोठ्यानं, शेजारच्या काकींना ऐकू गेलं असेल तरी.

खुर्ची जाग्यावर ठेवली. घड्याळ तसंच राहिलं. पेटीवर तेवढी एक चिठ्ठी चिकटवली: 'हिला मोबाइलची वेळ सांगायची.' आफरीनला मी भडंग पाठवलं, आणि तिच्या मदतकक्षानं पहिल्या प्रश्नात एक ओळ वाढवली: घरातलं घड्याळ पुढं लावलेलं आहे का? ती सांगत होती, त्या महिन्यातच आणखी आठ घरं निघाली.

त्या बुधवारी भिंतीवर पाच वाजले तसा मी उठून चहा टाकला. खरे पाच वाजायला अजून दहा मिनिटं होती. ती आम्ही बोलण्यात घालवली.